बंदराच्या पहाऱ्याचा खर्च कोणी करायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धाराशिवहून समुद्र गाठायचा म्हटला तर कोणत्याही वाटेने निघा, साडेतीनशे-चारशे किलोमीटर आणि वर एक घाट हा हिशेब ठरलेला. आपल्याकडची कित्येक माणसे आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहतात ती शाळेच्या सहलीत, नाहीतर लग्नानंतर गणपतीपुळ्याला जाऊन आल्यावर. तेव्हा बंदरांची सुरक्षा आणि त्यासाठी मिळणारे सरकारी अनुदान हा विषय या जिल्ह्यात बसून कशाला बोलायचा, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. त्याचे उत्तर द्यायला मला दोन हजार वर्षे मागे जावे लागेल, आणि तेही लांब कुठे नाही, आपल्या तेरला.

तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वाटाड्या-पुस्तिका लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण माणूस हिशेबी होता. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे आणि तिथून साधे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जातो, असे त्याने नोंदवले आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलात तर रोमशी असलेल्या त्या व्यापाराच्या खुणा काचेच्या कपाटात पाहायला मिळतात. म्हणजे समुद्र आपल्यापासून लांब असला, तरी बंदर कधीच लांब नव्हते.

याच पुस्तिकेत बंदराच्या पहाऱ्याबद्दल दोन गोष्टी आहेत, आणि मला त्या फार बोलक्या वाटतात. भडोचच्या खाडीचे तोंड अवघड. भरती-ओहोटीचा जोर असा की अनोळखी जहाज रुतायचेच. म्हणून तिथल्या राजाने कोळ्यांना आपल्या चाकरीत ठेवले होते. ते मोठ्या बोटी घेऊन खाडीच्या तोंडाशी थांबत, पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि येणारी जहाजे वाट दाखवत बंदरात आणत. पगार राजाचा, ज्ञान कोळ्यांचे. दुसरी गोष्ट कल्याणची. कल्याण पूर्वी राजमान्य बंदर होते, पण सत्ता बदलल्यावर तिथला व्यापार अडवला गेला, आणि चुकून तिथे लागलेले ग्रीक जहाज पहारा बसवून भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. म्हणजे एका बंदरात पहारा जहाजांच्या सोयीसाठी होता आणि दुसऱ्यात त्यांच्या अडवणुकीसाठी. भडोचला जाणाऱ्या तगरच्या कापडाला या पहाऱ्याचे बरे-वाईट चटके बसतच असणार.

आता प्रश्न असा, की हा पहारा पोसायचा कोणाच्या पैशाने? या प्रश्नाचा मराठीत फार सुंदर विचार झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पंत स्पष्ट सांगतात, की आरमाराचा तनखा मुलखातून नेमून द्यावा. बंदरात जी कमाई होईल तिच्यावर आरमाराला जगायला सोडू नये. कारण मग आरमाराचे लोक कमाईसाठी सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, त्रास देणार. व्यापारी ते बंदर सोडून जाणार आणि बंदर ओस पडणार. तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पहारेकऱ्याचे पोट ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच खिशावर अवलंबून असेल, तर काय होते हे अमात्यांना कळत होते. आणि मुलूख म्हणजे काय? घाटावरची शेती, तिचा सारा. म्हणजे समुद्रावरचा पहारा रानातल्या ज्वारीने पोसावा, असा त्याचा साधा अर्थ.

आजही तसेच आहे. कोकणच्या सागरी पोलीस ठाण्याला केंद्राचे अनुदान मिळते तेव्हा त्यात कळंबच्या दुकानात घेतलेल्या साबणावरचा करही असतो.

१९९३ हे वर्ष आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. ३० सप्टेंबरची ती पहाट, किल्लारी, सास्तूर, उमरगा, लोहारा. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे रात्रीच्या वेळी शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले आणि १२ मार्चला मुंबईत स्फोटांची मालिका झाली. २५७ माणसे गेली. हा माल मोठ्या बंदरातून आला नाही. लहान धक्के, मासळी उतरवण्याच्या जागा, जिथे दिवसा कोळणी जाळी वाळवतात अशा ठिकाणी तो उतरला. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही जणांना विशेष न्यायालयाने दोषी ठरवले. म्हणजे तिथे पहारा नव्हताच असे नाही. पहारा होता आणि तो विकला गेला. अमात्यांचे प्रकरण अशा वेळी आठवते.

त्या घटनेनंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांची महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर संयुक्त गस्त सुरू झाली. तिला ‘ऑपरेशन स्वान’ म्हणत. पण किनाऱ्याजवळचे उथळ पाणी, खाड्या, छोटी बंदरे हे पोलिसांचे काम, आणि पोलीस राज्याचे. राज्याकडे बोटी नव्हत्या. म्हणून केंद्राने २००५ साली किनारा सुरक्षा योजना मंजूर केली. किनारपट्टीची नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेश तिच्यात होते. ७३ सागरी पोलीस ठाणी, त्याशिवाय तपासणी नाके आणि चौक्या, आणि गस्तीसाठी २०४ बोटी.

या अनुदानाची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण जिल्हा परिषदेच्या कोणत्याही योजनेशी तिचे नाते लागते. बोटींचा आणि बांधकामाचा खर्च केंद्राचा. प्रत्येक ठाण्याला संगणक, सामान, टेबल-खुर्च्या यांसाठी १० लाख रुपये एकरकमी. बोटींचे इंधन, दुरुस्ती आणि पोलिसांचे प्रशिक्षण हेही केंद्राकडे, पण पाच वर्षे. जागा राज्याने द्यायची. माणसे राज्याने द्यायची, त्यांचा पगार राज्याचा. आणि सहाव्या वर्षापासून? ते तुम्ही ओळखलेच असेल.

आपल्याकडे हा अनुभव कोणाला नाही? आमच्या भागातल्या एका शाळेत योजनेतून संगणक आले. छान खोली, काचेची खिडकी, दारावर योजनेच्या नावाची पाटी. वीजबिलाची तरतूद मात्र कोणत्याच कागदात नव्हती. दोन उन्हाळे गेले आणि संगणकांवर पोती पांघरली गेली. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने सही केली, दोघांचेही कागद बरोबर होते. गस्तीच्या बोटीचेही असेच होऊ शकते. फरक एवढाच की संगणक बंद पडला तर पोरांचा तास बुडतो.

आणि खरोखर काय झाले ते तारखांनीच बघू. योजना २००५ची. बोटी बांधण्याचे करार गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच या सरकारी कारखान्यांशी झाले मार्च २००८मध्ये. बोटी राज्यांच्या हाती यायला लागल्या एप्रिल २००९पासून. या दोन तारखांच्या मध्ये २६ नोव्हेंबर २००८ आहे. ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट समुद्रात पळवून दहा जण मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. १६६ माणसे मारली गेली. अनुदान मंजूर होते, स्वीकारलेही होते. बोटी अजून कारखान्यात होत्या. एखाद्या सोयाबीन उत्पादकाला ठिबकचे अनुदान दुष्काळ संपल्यावर मिळावे, तसेच हे.

त्यांना उतरताना पाहिले कोणी? रडारने नाही. तिथल्या कोळी माणसांनी पाहिले, कुठून आलात म्हणून हटकलेही. पेरिप्लसमधले राजाच्या चाकरीतले कोळी मला इथे पुन्हा भेटतात. फक्त या वेळी ते कोणाच्याच चाकरीत नव्हते आणि सांगायचे कोणाला, हेही ठरलेले नव्हते.

त्यानंतर पैसा वेगाने आला. किनाऱ्यावरच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी २००९मध्ये नौदलाकडे दिली गेली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, अशी वाटणी झाली. दीपगृहांवर जहाज ओळखण्याची यंत्रे बसली, रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, बोटींना राज्यनिहाय रंग ठरले. योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०११पासून सुरू झाला. तरतूद सुमारे १५८० कोटी रुपयांची. १३१ ठाणी, ६० जेटी, आणखी १५० बोटी. पाच वर्षांत संपायचा हा टप्पा मार्च २०२०पर्यंत वाढवावा लागला. जेटीचे घोडे विशेष अडले. बोट द्यायची तर कारखान्यातून आणून पाण्यात सोडली की झाले. जेटीला जागा लागते, किनारा नियमन क्षेत्राची पर्यावरण परवानगी लागते, मेरीटाइम बोर्डाची संमती लागते, आणि शेजारी मासळी सुकवणाऱ्यांची ओरडही ऐकावी लागते. बांधायला जेटी नसेल तर बोट दुसऱ्याच्या धक्क्याला बांधा, नाहीतर खाडीत नांगरून ठेवा. खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली बोट चालत्या बोटीपेक्षा लवकर म्हातारी होते, हे कोणताही तांडेल सांगेल.

इथे एक खुलासा करतो, कारण ‘बंदराची सुरक्षा’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, बंदराच्या कुंपणाच्या आतली सुरक्षा. दोन, बंदराकडे येणाऱ्या पाण्यावरची गस्त. कुंपणाच्या आतल्या सुरक्षेला आंतरराष्ट्रीय नियम आहेत. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ला जे घडले त्यानंतर डिसेंबर २००२मध्ये जगातल्या देशांनी मिळून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची संहिता ठरवली आणि ती १ जुलै २००४पासून लागू झाली. परदेशी जहाजे घेणाऱ्या प्रत्येक बंदराला धोक्याचे मूल्यमापन करून सुरक्षा आराखडा करावा लागतो, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, कवायती घ्याव्या लागतात. जहाजाला आपण लागलेल्या शेवटच्या दहा बंदरांची नोंद ठेवावी लागते. त्यातले एखादे ढिसाळ निघाले, तर पुढच्या बंदरात त्या जहाजाची जास्त झडती होऊ शकते. म्हणून कप्तान आणि जहाजमालक ढिसाळ बंदराला टाळतात. न्हावा-शेवा किंवा मुंबईसारखे मोठे बंदर हा खर्च आपल्या उत्पन्नातून भागवू शकते. तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो आणि त्याचा खर्च बंदर देते. महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीत ४८ लहान बंदरे आहेत. त्यातल्या अनेकांचे उत्पन्न म्हणजे फेरीबोटीचे तिकीट आणि थोडीफार रेती, कोळसा. त्यांना अनुदानावाचून गत्यंतर नाही.

अमेरिकेतली पद्धत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिथेही २००२पासून बंदरांना सुरक्षेसाठी केंद्रीय अनुदान मिळते. कुंपण, कॅमेरे, गस्तीच्या बोटी, प्रशिक्षण अशा कामांना. पण साधारणपणे खर्चाचा चौथा हिस्सा बंदराने स्वतः घालायचा. तिथली बरीचशी बंदरे शहराच्या किंवा स्थानिक मंडळाच्या ताब्यात असतात, त्यामुळे अनुदान स्वीकारायचे की नाही हा विषय मंडळाच्या उघड बैठकीत येतो आणि त्यावर रीतसर ठराव होतो. आपल्याला हे परके वाटायला नको. २००२पासूनच्या स्वजलधारा योजनेत गावाने १० टक्के लोकवर्गणी भरायची आणि ग्रामसभेत ठराव घ्यायचा, हे आपण केलेलेच आहे. ज्या गावांनी वर्गणी खरोखर घरोघरी गोळा केली, तिथे पाण्याच्या मोटारीची काळजी घेतली गेली. जिथे ठेकेदारानेच वर्गणी भरून टाकली, तिथे काय झाले ते त्या गावांच्या टाक्या बघून कळते.

हिस्सा भरण्याचा खरा उपयोग पैशांपुरता नसतो. आपल्या खिशातून चार आणे जाणार म्हटले की माणूस विचारतो: ही वस्तू मला हवी आहे का? ती चालवणार कोण? फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल हे कोणी विचारत नाही. माझे वैयक्तिक मत असे, की अनुदान नाकारण्यात शहाणपण नाही. किनाऱ्याच्या राज्यांनी एकट्याने हा भार उचलावा असे म्हणणे अन्यायाचे आहे. शेखाडीला उतरलेला माल शेखाडीत फुटला नव्हता. पण सहाव्या वर्षाचे डिझेल कोणत्या लेखाशीर्षातून येणार, हे पहिल्या वर्षी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. यावर कोणी म्हणेल, एवढे बघत बसलो तर परिस्थिती थांबणार आहे का? नाही थांबणार. तरीही बंद पडलेल्या बोटीचे नाव गस्तीच्या यादीत असणे हे बोट नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण कागद बघणाऱ्याला वाटते की पहारा चालू आहे.

अनुदानाचे बाकीचे नियमही असेच दोन्हीकडून कापणारे. मिळालेला पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावायचा. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही, दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. या अटी चांगल्या हेतूनेच आहेत. पण प्रमाणपत्रात पैसा खर्च झाला का, एवढेच लिहायचे असते. बोट महिन्यातून किती तास पाण्यात होती, हा रकाना त्यात नसतो. लेखापरीक्षकाला पावती दिसते, गस्त दिसत नाही.

माणसांचे तर विचारूच नका. सागरी ठाण्यात नेमणूक झालेला शिपाई मुळात जमिनीवरचा पोलीस असतो. आपल्या बालाघाटात वाढलेल्या, विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराला पावसाळ्यानंतरच्या लाटेवर बोटीत उभे केले तर पहिले चार दिवस तो गस्त काय घालणार, पोट सांभाळेल की दुर्बीण? बोट हाकणे, इंजिन ओळखणे, भरती-ओहोटी वाचणे हे वर्षावर्षांचे काम. माणूस ते शिकतो आणि तेवढ्यात त्याची बदली होते. अनुदानात प्रशिक्षणाचे पैसे असतात, पण बदलीचे वेळापत्रक अनुदानाला विचारून ठरत नाही. म्हणून कोळी समाजातल्या तरुणांना, निवृत्त नौसैनिकांना या कामात घेण्याची मागणी पुनःपुन्हा होते, आणि ती मला पटते. गावोगावची सागर रक्षक दले, वर्षातून होणारी ‘सागर कवच’ कवायत, हे त्याच दिशेचे आहे आणि त्यांना बोटींच्या मानाने फार थोडा पैसा लागतो.

यंत्रांवर विसंबून चालत नाही याचे दोन पुरावे सर्वांना माहीत आहेत. ३१ जुलै २०११ला ‘पवित’ नावाचे तेलवाहू जहाज, खलाशांनी ओमानकडे सोडून दिलेले, महिनाभर वाहत वाहत जुहूच्या किनाऱ्याला येऊन टेकले. जहाज, होडी नव्हे! मुंबई हल्ल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. आणि १८ ऑगस्ट २०२२ला रायगडमधल्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य परदेशी नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ बंदुका निघाल्या. राज्यभर नाकाबंदी झाली. नंतर कळले, की इंजिन बिघडल्यामुळे ओमानजवळ जूनमध्ये सोडून दिलेली ती नौका होती, घातपाताचा संबंध नव्हता. पण हरिहरेश्वर आणि शेखाडी दोन्ही श्रीवर्धन तालुक्यातच. या वेळीही बोट पाहून पोलिसांना कळवले ते तिथल्या लोकांनी.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असे आपण शाळेत पाठ केले. अलीकडच्या नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरतो, कारण खाड्यांची वळणे आता बारकाईने मोजली आहेत. किनारा तेवढाच, पहाऱ्याचा हिशेब मात्र वाढला. पुढच्या कोणत्याही अनुदानात ठाणी आणि बोटी या आकड्यावर मागितल्या जाणार.

तगरचे कापड भडोचला जात होते तसे आज घाटावरची द्राक्षे आणि साखर न्हावा-शेव्याच्या वाटेने बाहेर जाते आणि खत, खाद्यतेल बंदरातूनच आत येते. द्राक्षांचा थंड कंटेनर तपासणीसाठी एक दिवस जास्त थांबला तर नुकसान बागायतदाराचे, आणि तपासणी न होता भलताच कंटेनर सुटला तर नुकसान सगळ्यांचेच. स्कॅनर हवा आणि तो चालवणारा जाणकार माणूसही हवा, तो रात्रपाळीलाही हवा. हेही पुन्हा त्याच सहाव्या वर्षाच्या खर्चावर येऊन थांबते.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण कोकणात जातील. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर ही ठिकाणे आता आपल्याकडच्या कुटुंबांच्या आवडीची झाली आहेत. फिरताना किनाऱ्यावर बेवारस बोट, अनोळखी पेटी, रात्री दिवा न लावता आत येणारी होडी असे काही दिसले तर जवळ जाऊ नका, फोटो काढत बसू नका. सागरी पोलिसांचा मदत क्रमांक १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. दोन्ही फुकट लागतात. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आत्ताच लिहून ठेवा.